पोट आलेली भिंत

दाताखाली आलं ते मेतकूट नव्हतं. मेतकूट कचकचत नाही, तूप तर नाहीच. आणि मऊ भातात खडा राहू देणाऱ्या बायकांपैकी सावित्री नव्हती, निदान गेल्या छत्तीस वर्षांत तरी... नानांनी ते जिभेच्या टोकाशी आणलं, तिथून बोटावर घेतलं आणि बोट खिडकीच्या उजेडात धरलं. नखाएवढं, पातळ, एक बाजू पांढरी, दुसरी फिकट हिरवी. पोपडा. हिरवा म्हणजे ब्याण्णव सालचा, उन्मेषच्या लग्नाआधी काढलेला रंग. म्हणजे मुलाच्या लग्नातली राहिलेली एक वस्तू आपण आज नऊ वर्षांनी खाल्ली... वाक्य बरं जमलं होतं. ते कुणालातरी ऐकवावं म्हणून नानांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, तर सावित्री खवणीवर बसून पाठमोरी नारळ खोवत होती, आणि तिच्या पाठीला नानांची वाक्यं फार आधीपासून पाठ होती.

त्यांनी मान वर केली. भिंत तिथेच होती. माजघराची मागची भिंत, जिच्या पायथ्याशी पाट मांडून ते रोज न्याहारी करत. आणि भिंतीला पोट आलं होतं. खिडकीपासून देवघराच्या कोनाड्यापर्यंत, माणसाच्या कमरेच्या उंचीला, चांगलं भरलेलं, गोलसर. दरवर्षी गणपतीच्या आधी नाना त्यावर काहीतरी थापत. कधी सिमेंट, कधी दुकानदारानं दिलेली पांढरी पावडर, एका वर्षी उन्मेषनं पुण्याहून पाठवलेलं, जहाजांना लावतात म्हणे असलं औषध. आणि दरवर्षी नवरात्र उलटायच्या आत ओल पुन्हा त्याच जागी येऊन बसे, जशी गावाहून आलेली आत्या आपल्या ठरलेल्या कोपऱ्यातच वळकटी सोडते. नानांना तिचा राग नव्हता. खरं सांगायचं तर, निवृत्तीनंतर आपली वाट बघणारं एवढं नियमित असं दुसरं काही उरलं नव्हतं.

पण आज गवंडी येणार होता. सावित्रीनं ठरवलं होतं, आणि चार दिवसांपूर्वी त्याचा फोन आला तेव्हा नेमका नानांनी उचलला होता.

“मास्तर काय? मी पूर्णगडास्नं बोलतोय. सुईणीचा हरिश्चंद्र.”

एवढंच तो म्हणाला होता. अगदी सहज, जसं दुसरा कुणी आडनाव सांगेल. आणि नाना रिसीव्हर हातात धरून, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादशीकडे बघत नुसते उभे राहिले होते, आणि पलीकडून तो ‘हालो, हालो’ करत होता... शेवटी सावित्रीनं फोन काढून घेतला.

सुईण. हे नाव माझं आहे, नानांच्या मनात आलं. म्हणजे मी ठेवलेलं आहे.

इथे थोडं मागं जायला हवं. नाना स्वतः गेले चार दिवस तेच करत होते. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. त्यातला एक मोगल बादशहा किंवा एक नदी कुणा विद्यार्थ्याच्या लक्षात राहिली असेल याची खात्री नाही. पण नानांनी ठेवलेली नावं राहिली. पंचांग पाहिल्यासारखा चेहरा करून मगच तोंड उघडणाऱ्या हेडमास्तरांना ते ‘मुहूर्त’ म्हणत, आणि त्यांच्या शोकसभेत एका वक्त्यानं भावनेच्या भरात ‘आपले मुहूर्तसाहेब’ म्हटलं तेव्हा कुणालाही काही चुकलंसं वाटलं नाही. कोर्टातला एक वकील अजून ‘हातरुमाल’ या नावानं ओळखला जातो. त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा निम्म्या आळीला हे कुणाचं लग्न ते कळेना, मग कुणीतरी पत्रिकेवर पेन्सिलीनं कंसात लिहिलं आणि सगळे जेवायला गेले. नावं चिकटत. आणि निरोपसमारंभात चित्रकलेचे शिक्षक म्हणाले होते, ‘नानांचं नाव चिकटतं, पण टोचत नाही.’ शाल विरली, नारळाची वडी झाली, हे वाक्य मात्र नानांनी जपून ठेवलं होतं. दुपारी झोप येत नसली की ते काढून बघत. टोचत नाही.

आणि त्या सगळ्या नावांत सर्वांत उत्तम जमलेलं नाव, नानांच्या स्वतःच्या मते, अठ्ठ्याहत्तर सालचं होतं.

तेव्हा याच भिंतीला थोडं पोट आलं होतं. आतापेक्षा कमी, चौथ्या-पाचव्या महिन्यातलं म्हणा. अण्णांनी, नानांच्या वडिलांनी, पूर्णगडहून बाबल्या गवंड्याला बोलावलं. चुन्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही असं सगळे म्हणत. तो आला, आणि त्यानं भिंतीला हात लावण्याआधी सगळं घर गप्प केलं. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून भिंतीवर टकटक करायची, लगेच कान लावायचा, डोळे मिटायचे, आणि डावा हात वर धरायचा... तेवढ्या इशाऱ्यावर स्वयंपाकघरातली भांडी थांबली, अण्णांचा जप थांबला, आणि जप थांबवणारा माणूस त्या घरानं आजवर पाहिला नव्हता. तेवढ्यात नाना शाळेतून आले. बरोबर चहाला आणलेले चार मास्तर. समोर पोट आलेली भिंत, तिला कान लावून डोळे मिटलेला बाबल्या, भोवती श्वास रोखून उभी घरची माणसं. मी काय करायला हवं होतं? सांगा ना. समोर ताट वाढून ठेवलं होतं.

“काय सुईणबाई,” नाना म्हणाले, “कितवा महिना म्हणायचा?”

चारही मास्तर हसले, ते हसणारच होते, चहा व्हायचा होता. पण अण्णा हसले. अण्णा... ज्यांनी नानांच्या आयुष्यातल्या एकोणचाळीस वर्षांत नानांच्या एकाही वाक्याला हसून दाद दिली नव्हती, ज्यांच्यापुढे नानांची वाक्यं अंगणातच चपला काढून ठेवत, ते अण्णा जपाची माळ हातात धरून हसले. मोठ्यानं नव्हे. खोकल्यासारखं, दोनदा. पण हसले. बाबल्यानं डोळे उघडले. कान भिंतीपासून बाजूला घेतला. तोही थोडा हसल्यासारखा दिसला. नानांनी तेव्हा नीट बघितलं नव्हतं, ते अण्णांकडे बघत होते. मग बाबल्या म्हणाला, चुना मुरवायला वीस दिवस लागतील. आणि नाना, अजून त्या हसण्याच्या उबेत, म्हणाले की वीस दिवसांचे दिवस गेले, सिमेंट दोन दिवसांत होतं. बाबल्यानं पिशवी उचलली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी सिमेंट मारलं, पण चार मास्तरांनी ‘सुईण’ त्याच संध्याकाळी बाजारात नेली होती.

बस. एवढंच. त्यानंतर अण्णा सहा वर्षं जगले आणि पुन्हा कधी हसले नाहीत, निदान नानांच्या वाक्यावर नाही. त्यामुळे ते दोन खोकले नानांनी सणाच्या भांड्यासारखे आत ठेवून दिले होते. बाबल्या त्या भांड्यावर नुसता कोरलेला होता, नाव घातल्यासारखा. तो माणूस पुढे वीस वर्षं बाजारातून, एसटी स्टँडवरून, दुसऱ्यांच्या घरांतून त्या नावानं हाक ऐकत फिरला असेल. दाढीमिशा असलेला, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि पोरं मागून ‘सुईणबाई’... हे चार दिवसांपूर्वीपर्यंत नानांच्या मनात आलं नव्हतं, म्हणजे येऊ दिलं नव्हतं, म्हणजे... टोचत नाही असं म्हणणारा चित्रकलेचा शिक्षक होता. त्याला नानांनी कधी नाव ठेवलेलं नव्हतं.

आज सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. हरिश्चंद्राला म्हणायचं: बाबा रे, तुझ्या घराला जे नाव पडलं ते माझ्यामुळे. तुझ्या वडिलांना सांग, मास्तर चुकला. वाक्य साधं ठेवायचं, शेवटी गमतीचं काही लावायचं नाही. हे ‘लावायचं नाही’ फार कठीण होतं. वाक्याच्या शेवटी आपोआप काहीतरी येऊन उभं राही, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखं.

नऊ वाजता फाटक वाजलं आणि हरिश्चंद्र आत आला. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा, रुंद, हसरा. आणि त्याच्या मागून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, पांढऱ्या सदऱ्यातला एक वाळका म्हातारा.

“बाबा म्हनाले, मी पन येतो,” हरिश्चंद्र म्हणाला. “ऐकंनात. मास्तरांची भिंत बगायची म्हनतात.”

नानांनी जमवून ठेवलेलं वाक्य होतं ते मुलामार्फत पोचवायचं. समोरासमोरचं वाक्य त्यांनी केलंच नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला ‘बाबल्या’ अशी हाक मारली होती. आता काय मारायची? ‘या बाबल्या, बसा,’ ते म्हणाले. नाव एकेरी, मान पुरेपूर. म्हातारा ओटीवर बसला आणि नानांकडे बघून छान हसला. हरिश्चंद्र आत भिंतीकडे गेला. सावित्री पाणी आणायला गेली. ही वेळ होती.

“बाबल्या,” नाना हळूच म्हणाले, “त्या दिवशी मी जे बोललो—”

“हां?”

“म्हटलं, त्या दिवशी मी—”

म्हाताऱ्यानं कानाला हात लावला, मग तोच हात हवेत उडवला. आतून हरिश्चंद्र ओरडला, “मोट्यानं बोला मास्तर! दोन्ही कान गेलंत बाबाचं. तीन वर्सं झाली.”

भिंती ऐकणाऱ्या माणसाचे कान गेले होते. माफी ही हळू आवाजात मागायची गोष्ट आहे. ओरडून मागितली की भांडण वाटतं. शेजारच्या ओटीवर कुणीतरी पेपर वाचत होतं, समोर सगुणा कोळीण टोपली उतरवून आळीभरच्या बायकांशी बांगड्यांचा भाव करत होती, आणि त्यांच्या डोक्यांवरून बेंबीच्या देठापासून ‘माझं चुकलं’ असं... नाना म्हणाले, “चहा घेणार?” आणि हातानं पेला करून दाखवला. म्हातारा हो म्हणाला. चहाची खूण जगात कुठेही कळते.

आत काम सुरू झालं. हरिश्चंद्रानं आधी सगळी भिंत बोटानं वाजवली, पोकळ लागेल तिथे खडूची रेघ ओढत गेला. आणि नकाशात बेटं दाखवतात तशी बेटं उठत गेली, शेवटी बेटांचाच एक देश झाला. मग तो हसला, अडलेल्या विद्यार्थ्याकडे बघून हसावं तसा.

“जांभा दगड पानी पितो आनि सोडतो, मास्तर. चुन्यातनं त्याला सोडता येतं. तुमी सिमिटानं त्याचं तोंड बांदलंत. मग तो कुठं सोडील? हितंच.”

कुणी बांधलं ते नानांनी सांगितलं नाही. ‘हो का’ म्हणाले. सावित्री दारात उभी होती. तिनं फक्त नानांच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि तो उचलून नेला, आणि कप उचलण्यात एवढं बोलता येतं हे नानांना माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर साली त्या सगळ्यांत न हसलेलं माणूस एकच होतं, ते स्वयंपाकघराच्या दारात उभं होतं, आणि रात्री ते म्हणालं होतं, ‘चुनाच बरा होता हो.’ त्यानंतर तेवीस वर्षांत पुन्हा एकदाही म्हणालं नव्हतं, हे त्याचं मोठेपण की शिक्षा हे नानांना अजून ठरवता आलेलं नव्हतं.

छिन्नीचे घाव पडायला लागले. सिमेंटच्या ढलप्या सुटत, आणि सुटताना त्यांच्यामागून ओलसर, जुनाट, जमिनीच्या पोटातला वास येई. नाना खुर्ची घेऊन बघत बसले. ब्याण्णवचा हिरवा गेला, त्याखालचा पिवळा गेला, त्याखालचा गुलाबी, आनंदीआत्याच्या आग्रहाखातर काढलेला आणि तिलाच न आवडलेला, तोही गेला. आपलं सगळं आयुष्य असं उलट्या क्रमानं परातीत पडताना बघायला खरं म्हणजे वाईट वाटायला हवं, असं त्यांना वाटलं. पण बरं वाटत होतं. उन्हाची तिरीप धुळीत उभी होती. हरिश्चंद्र काम करता करता बोलत होता, त्याला बोलायला आवडत होतं, आणि नानांनी, धीर करून, अगदी कडेकडेनं विचारलं की ते... सुईणीचा म्हणजे कसं?

हरिश्चंद्र थांबला. छिन्नी खाली ठेवली. ही गोष्ट काम करता करता सांगायची नव्हती.

तो तेव्हा मुंबईला गिरणीत होता. संपात गिरणी गेली, गावी आला, तर सगळी त्याला सुईणीचा म्हणायला लागली. लहानपणी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यानं बापाला विचारलं. तेव्हा बापानं सांगितलं, की तुझी पणजी, गंगा, सुईण होती. पूर्णगडापासून पावसपर्यंत सगळी पोरं तिच्या हातची. खाडीला उधाण असताना एकदा ती होडी नाही म्हणून लाकडाच्या ओंडक्यावर बसून पलीकडे गेली आणि जुळी सोडवून आली. एका इनामदाराच्या घरी तिनं पोराला आधी पायाकडून, मग... हे सगळं हरिश्चंद्रानं हातवारे करून सांगितलं. तिच्या हाताला असं होतं, तो म्हणाला, की नुसता पोटावर ठेवला की तिला आत काय चाललंय ते कळे. आणि तोच हात बाबाला आला, म्हणून बाबाला भिंतीतलं कळायचं.

“मागं लोक लाजेनं बोलायचं नायत,” तो म्हणाला. “आता माझी सून पन सांगते, आमी गंगासुईणीच्या घरचं.”

नाना खुर्चीत बसलेले होते ते बरं होतं. त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते असं, की चला, सुटलो... नाव माझं नव्हतंच, योगायोग. आणि हे समाधान त्यांना साधारण एक घाव पडेपर्यंत टिकलं. मग कळलं. पोरानं लहानपणी ऐकलेलं नव्हतं, म्हणजे अशी कुणी गंगा नव्हती. बाबल्यानं ती केली होती. चेष्टेनं मारलेल्या हाकेला मागून एक आजी जोडून दिली होती, तिला होडी नाकारली होती, ओंडक्यावर बसवली होती, जुळी सोडवली होती... आणि मुलाच्या हातात बघायला दिली होती: बघ, हे असं आहे. मी आयुष्यभर माणसांना नावं ठेवली. या माणसानं नावाला माणूस ठेवला.

आणि मग, अर्थात, कबुलीचं काय करायचं? आता हरिश्चंद्राला सांगितलं की ‘ते नाव माझं’, तर नानांना हलकं वाटेल, एवढं नक्की. आणि गंगा मरेल. पंचवीसशे-तीन हजार बाळंतपणं केलेली बाई नानांच्या एका प्रामाणिक वाक्यानं ओंडक्यावरून खाडीत पडेल. प्रामाणिकपणाचा इतका वाईट उपयोग नानांना कधी सुचला नव्हता.

दुपारी पडवीत पानं मांडली. भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. हरिश्चंद्रानं गंगेची गोष्ट सावित्रीलाही सांगितली, ओंडका यावेळी थोडा लांब झाला होता. नाना पानात बघून जेवत होते. सावित्री वाढता वाढता थांबली. नानांना तिचा चेहरा बघायचा धीर झाला नाही. तिला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी ती दारात उभी होती.

“गंगा ना?” सावित्री म्हणाली. “आमच्या सासूबाई सांगायच्या तिचं. भर उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर घोंगडी असायची म्हणे.”

“व्हय?” हरिश्चंद्राचा हात घासासकट थांबला. “घोंगडी आमाला कुनी नाय सांगितली.”

“काळी,” सावित्री म्हणाली आणि पिठलं वाढत पुढे गेली.

नानांना ठसका लागला. सोलकढी नाकात गेली. म्हातारा समोर शांतपणे भात कालवत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण ठसका दिसला, आणि त्यानं स्वतःचं पाण्याचं भांडं नानांकडे सरकवलं. छत्तीस वर्षं आपण कुणाबरोबर संसार केला, हा प्रश्न नानांना भरल्या डोळ्यांनी पडला. ठसक्याचं पाणी होतं ते. बहुतेक.

जेवणानंतर हरिश्चंद्र छिन्नीला धार लावून आणायला लोहाराकडे गेला. तुमचं सिमिट लय नाठाळ, म्हणाला. सावित्री आत लवंडली. माजघरात नाना आणि बाबल्या, आणि निम्मी उघडी भिंत. सिमेंटच्या खाली अण्णांच्या वडिलांच्या काळातला चुना निघाला होता, पिवळसर, हस्तिदंतासारखा. बाबल्या उठला, भिंतीशी गेला, आणि हाताचे दोन्ही तळवे तिच्यावर ठेवून उभा राहिला. मग मधलं बोट दुमडून त्यानं वाजवलं. थोडा वेळ तो तसाच थांबला, सवयीनं. मग नानांकडे वळून त्यानं त्यांना हातानं बोलावलं, त्यांच्या डोक्याला धरून, मास्तरांच्या डोक्याला असं कुणी धरलेलं नव्हतं, त्यांचा कान भिंतीला टेकवला.

भिंत थंड होती. टक. टक टक. नानांनी डोळे मिटले, कारण उघडे ठेवून काही ऐकू येत नव्हतं. आधी स्वतःच्याच कानातली गाज, मग बोटाचा आवाज... भरीव, खोल, चिंचेच्या पाटावर वाजवल्यासारखा. थोडं पुढे. तसाच. थोडं खाली, तिथे मात्र आवाज पसरट झाला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. नानांनी तिथे बोट ठेवून मान हलवली. बाबल्यानं खडूनं रेघ ओढली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. आतून भांडं वाजलं तेव्हा नाना चक्क रागावले.

मग म्हातारा खाली बसला. भिंतीला पाठ लावली, पाय पसरले, आणि बहिऱ्या माणसाच्या सर्व ताकदीनिशी, आळीच्या दुसऱ्या टोकाला जावं अशा आवाजात म्हणाला,

“तुमचं अण्णा आलं व्हतं आमच्याकडं. चौथ्या दिशी. एकटंच.”

नानांनी दाराकडे पाहिलं. फाटकात कुणी नव्हतं.

“म्हनाले, पोरगा बोलला ते मनात ठेवू नको. मी म्हटलं मनात कशाला, आख्ख्या बाजारानं ठेवलंय. तर बसलं इचार करत. मग म्हनाले, बाबल्या, तुज्या घरात कोन सुईण व्हती काय? म्हटलं नाय. म्हनाले, व्हती. तुजी आजी. गंगा तिचं नाव.”

म्हाताऱ्याला आता ते सगळं दिसत होतं. सांज होईपर्यंत बसले, तो सांगत होता. ओंडका त्यांचाच, जुळी त्यांचीच, मी नुसता व्हय व्हय करत होतो. आणि जाताना म्हणाले, एकदा सांगितलंस की मग बदलू नको.

अण्णा. जे अण्णा पाऊस पडताना बघूनही ‘बहुधा पाऊस आहे’ म्हणत. नानांना तो दिवस एकदम आठवला, त्याचा कधी काही अर्थ लागला नव्हता म्हणून पडून राहिलेला. अण्णा पहाटे कोट घालून निघाले होते, हेदवीला गणपतीला जाऊन येतो म्हणून. आणि रात्री उशिरा परत आले, हातात प्रसाद नाही, अंगाऱ्याची पुडी नाही. आई म्हणाली, देवाला गेलात आणि प्रसाद? तर ‘संपला होता’ म्हणाले आणि हातपाय धुऊन जपाला बसले. हेदवीचा गणपती आणि प्रसाद संपला. आणि आईनं ते ऐकून घेतलं होतं.

म्हणजे चार दिवस. माजघरात हसले, आणि मग चार दिवस ते हसणं अण्णांनी कुठे ठेवलं होतं? की ते हसले तेव्हाच... की ते माझ्या वाक्याला हसलेच नव्हते? की फार मनापासून हसले होते आणि त्याचंच... दुःख नव्हतं ते. घराच्या एका खोलीचं दार आजवर भिंत समजून आपण त्याला टेकून बसलो होतो, असं काहीतरी. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती.

“बाबल्या,” ते म्हणाले, “ती गंगा रचताना... अण्णा हसले का हो? तुमच्याकडे?”

“हां?”

फाटकाची कडी वाजली. हरिश्चंद्र धार लावलेली छिन्नी उन्हात धरून, तिच्या टोकावरून बोट फिरवत येत होता. नानांनी श्वास भरून घेतला होता, ओरडण्यापुरता. तो त्यांनी हळूहळू सोडून दिला. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं दोनदा मान हलवली. ती ‘हो’ म्हणून, की ‘ऐकू आलं नाही’ म्हणून, की नुसती म्हातारपणाची, ते समजायला मार्ग नव्हता.

चुना मुरायला वीस दिवस लागणार होते. विचारता येईल, किंवा येणार नाही. नाना खुर्चीत बसले. धुळीत उभं असलेलं ऊन आता तिरकं झालं होतं. त्यांनी ते जुनं हसणं आत पुन्हा ऐकून बघायचा प्रयत्न केला. नेहमी ते लगेच येई, याच खोलीतून, माळेच्या मण्यांच्या आवाजासकट. आजही आलं. पण इथून आलं नाही. खाडीपलीकडच्या, आपण कधी न पाहिलेल्या एका ओटीवरून आलं, तिथे दोन माणसं सांज होईपर्यंत एका बाईला ओंडक्यावर बसवत होती. आणि ते दोनच खोकले होते की पुढेही चाललं होतं, हे मोजायला नाना विसरले.